अडतीस टोपल्या वाळू

फालेतोआ, हापाई बेटं, टोंगा
सोमवार, २० मे १९९६

आत्या,

आधी चूक. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांच्या थडग्यावर चाळीस टोपल्या पांढरी वाळू घातली. त्या अडतीस होत्या. नुकुतेआ बेटावर चाळीस भरल्या, शेजारच्या मोआलाच्या होडीतून चाळीस आणल्या, पण दोन मी स्वयंपाकाच्या छपरामागे ठेवून घेतल्या आणि कुणाला सांगितलं नाही.

शाळेत जायच्या आधी बाबांनी मला चटईवर बसवून लिहायला शिकवलं, तेव्हाच हा नियम घालून दिला होता. वहीचं पान उघडलं की आधी कालची चूक, मग आजचं. म्हणून हे आधी लिहिते आहे.

दोन टोपल्या का ठेवल्या ते सांगते. भरताना एकीत मला मडक्याचा तुकडा दिसला. अंगठ्याएवढा, लालसर, त्यावर दातांनी चावल्यासारख्या ठिपक्यांच्या ओळी. असे अकरा तुकडे गेल्या वर्षी उत्खनन करणाऱ्या डॉक्टर हेन्लींना आपल्या घरामागच्या खड्ड्यात मिळाले होते. ते धुवून, आकडे घालून पिशव्यांत भरायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मला ते ठिपके झोपेतही ओळखू येतील. त्यांच्यावरूनच हेन्लींनी सांगितलं की या भागात समुद्र ओलांडून सगळ्यात आधी जे लोक आले, जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वी, त्यांनी पहिली चूल आपल्या स्वयंपाकघरामागे मांडली.

तो तुकडा हातात धरून मी उभी होते. मग मला आठवलं, की घरामागची वाळूसुद्धा नुकुतेआचीच आहे. १९८८ मध्ये आजी गेली तेव्हा तिच्या थडग्यासाठी आणलेली वाळू जास्त झाली होती. उरलेली मागे ओतली. मी तेरा वर्षांची होते, मीही टोपल्या वाहिल्या. पुढे वादळात तो ढीग सपाट झाला, वर गवत आलं.

आता हेन्लींचं पत्र आलं आहे. ते सात सप्टेंबरच्या बोटीने परत येतात. 'ही जमीन कधी हललेली नाही, इथे कायम वाळूच होती' असं बाबांनी त्यांना तोंडी सांगितलं होतं. बाबा नाहीत म्हणून आता तेच लेखी हवं आहे. सोबत आलेल्या कागदावर सही आईने करायची. आई म्हणते, लुसे वाचून दाखवेल त्यावर मी सही करीन.

तुम्ही बाबांची मोठी बहीण. घरातला शेवटचा शब्द तुमचा. काय करू ते सांगा.

मी बरी आहे. मला रडू येत नाही. अंत्यविधीचे सगळे दिवस मी मागे भट्टीच्या धुरात होते, फाटकी चटई छातीपर्यंत गुंडाळून, मुलींनी असावं तशी. कोनफळं सोलली. किती ते मोजलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. केस तसेच आहेत. बापाच्या शोकात मुलीचे केस आत्यानेच कापायचे, तुम्ही येऊन कापाल म्हणून आईने कुणाला हात लावू दिला नाही.

लुसेआने


ऑकलंड
३ जून

लुसे,

पत्र वाचून तुझा बाप आठवला. एक नारळ कमी भरला तर तो अंगणात चार चकरा मारायचा, आणि आमची आई म्हणायची, हा पोरगा देवाच्या दारातही आधी पायऱ्या मोजेल. पोरी, अडतीस काय नि चाळीस काय, खाली झोपलेला मोजत नाहीये.

वाळू ही वाळू असते. समुद्र ती इकडून तिकडे नेतो, माणसं नेतात, कोंबड्या उकरतात. त्या हेन्लीला त्याची मडकी मिळाली, तो खूश आहे. तुम्हाला मान मिळाला. इथे चर्चमध्ये भेटणारा प्रत्येक जण मला विचारतो, अकानेसी, तुझ्या आईच्या घरामागे पहिली माणसं उतरली म्हणे? मी म्हणते, हो, आणि जेवून गेली.

त्या दोन टोपल्या पेनीच्या थडग्यावर ओत. तुकड्यासकट. आईकडून सही घे. हेन्लीला अळूच्या पानांत नारळाच्या दुधातलं मांस करून वाढ, गेल्या वेळी त्याला आवडलं होतं असं पेनी सांगत होता.

मी आले नाही म्हणून लोक बोलत असतील. बोलू देत. गुडघा अजून वाकत नाही, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. इथे लाँड्रीत दिवसभर उभं राहून हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायची, त्याने तो आणखी सुजतो. केस मी आल्यावर कापीन. तोवर वेणी घट्ट घाल, म्हणजे डोक्यात एवढे विचार यायला जागा राहणार नाही.

आत्या


फालेतोआ
सोमवार, २४ जून

आत्या,

आधी चूक. तुमचं मी ऐकलं नाही. टोपल्या ओतल्या नाहीत.

त्या ओतायच्या आधी चाळून घ्याव्यात असं वाटलं. हेन्ली एक चाळणी इथे ठेवून गेले आहेत. पहिल्या टोपलीत सहा तुकडे निघाले, दुसरीत तीन. एका तुकड्यावर डोळा आहे.

घरामागच्या खड्ड्यातल्या सातव्या तुकड्यावर अर्धा चेहरा होता. एक डोळा आणि निम्मं नाक. खरा तुकडा हेन्ली घेऊन गेले, पण त्यांनी माझ्याकडून पातळ कागदावर त्याचं अगदी मापात चित्र काढून घेतलं होतं आणि त्याची प्रत माझ्या वहीत आहे. मी टोपलीतला तुकडा त्या चित्राशेजारी सरकवला. तुटलेली कड कडेला बसली. मी तीन वेळा उचलून ठेवला. तीनही वेळा बसला. एकाच मडक्यावरचे एकाच चेहऱ्याचे दोन डोळे आहेत, आत्या. एक आठ वर्षांपूर्वी आजीच्या वाळूतून आपल्याकडे आला, दुसरा आता बाबांच्या.

मला काही वाटलं नाही. मी हात धुतले आणि अळकुड्या चुलीवर ठेवल्या.

म्हणजे ते लोक नुकुतेआवर उतरले होते. आपल्या घरामागे नाही. नुकुतेआची वाळू सगळ्यात पांढरी म्हणून गावातला प्रत्येक जण थडग्यासाठी तिथूनच वाळू आणतो, त्यामुळे गावातल्या जवळजवळ प्रत्येक थडग्यावर त्यांच्या मडक्यांचे तुकडे असणार. हे हेन्लींना सांगितलं तर ते आधी विचारतील की कोणती वाळू, कुठून, कधी. आणि ज्या वाळूबद्दल हे नक्की सांगता येतं ती एकच. बाबांची. मी मोजलेली. ती काढून चाळावी लागेल. माती नाही, फक्त वरची वाळू. तरी तुम्ही परवानगी दिल्याशिवाय तिला कुणी हात लावू शकत नाही, हे मला माहीत आहे.

मी मोआलाकडे गेले होते. तो होडी उलटी टाकून तळ खरवडत होता. मी विचारलं, आजीच्या वेळी वाळूच्या किती खेपा केल्या. तो न बघता म्हणाला, "सहा. तुझ्या बापाने एवढी वाळू नेली की बेट हलकं होऊन पुढे सरकलं असणार. मी अजून शोधतोय ते." मग हसला.

मी हसले नाही म्हणून त्याने खरवडायचं थांबवलं.

तुम्हाला माहीत आहे, नव्या धक्क्याचा रस्ता आपल्या जमिनीतून जायचा होता. सरकारी माणसं खुंट्या मारून गेली होती. हेन्लींना मडकी मिळाल्यावर, ती जागा जपायची म्हणून, खुंट्या उपटून मोआलाच्या जमिनीत मारल्या. त्याची सात नीरफणसाची झाडं गेली. रस्ता आता झाला आहे, त्यावरून रोज मीच चालत जाते. मी त्याला विचारलं, वाळू तुमच्या होडीतून आली होती, तुम्हाला माहीत होतं, मग झाडं तोडताना बोलला का नाहीत?

तो म्हणाला, "तुझा बाप पाहुण्यासमोर होय म्हणाला होता. त्यानंतर मी काय नाही म्हणायचं?"

आणि परत खरवडायला लागला.

आत्या, बाबा विसरले होते का? तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. हेन्लींनी विचारलं तेव्हा मी शेजारी बसून लिहीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी जे लिहिलं ते माझ्याच अक्षरात आहे: 'जमीनमालक सांगतात, इथे कायम वाळूच होती.' तेव्हा मला १९८८ ची वाळू आठवत होती की नाही, ते मला आता नक्की सांगता येत नाही.

लुसेआने


फालेतोआ
सोमवार, २९ जुलै

आत्या,

आधी चूक. मागच्या वेळी लिहिलं की नऊ तुकडे. आठ आहेत. एक शिंपला होता.

पाच आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. बोट तीनदा आली. दर वेळी मी धक्क्यावर उभी राहते आणि पोस्टाची पिशवी उघडेपर्यंत थांबते. तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. आजारी असाल तर कुणाकडून तरी लिहवून घ्या.

बाबांच्या वह्या मी उघडल्या नव्हत्या. मुलीने बापाच्या वस्तूंना हात लावू नये म्हणून आईने त्या पेटीत ठेवल्या होत्या. गेल्या आठवड्यात आईनेच १९९५ ची वही काढून माझ्यासमोर ठेवली आणि कपडे वाळत घालायला गेली.

हेन्लींनी विचारलं तो दिवस १४ सप्टेंबर. मी १५ चं पान काढलं. कालची चूक जिथे लिहायची तिथे काही नाही. पण जागा आहे. वरच्या दोन ओळी कोऱ्या सोडून बाबांनी तिसऱ्या ओळीपासून लिहायला सुरुवात केली आहे. वारा आग्नेयेचा, बारा मासे, पाद्रींकडे जेवण. दुसरी सगळी पानं मी पाहिली. चूक नसेल तर ते पहिल्या ओळीपासूनच लिहायचे. अशी जागा कुठेच सोडलेली नाही.

ते विसरले नव्हते.

आईला वाटतं मी आजारी आहे. तिने मला नर्सकडे नेलं. नर्सने जीभ पाहिली, डोळे पाहिले, आणि म्हणाली काही नाही. मी खाते, झोपते, चर्चमध्ये गाते. खाल्लेलं कळत नाही एवढंच. सहीचा कागद टेबलावर बशीखाली आहे. आई रोज बशी उचलते, पुसते आणि परत तिथेच ठेवते.

मी आता तुम्हाला काय करू असं विचारत नाही. मला माहीत असलेलं सगळं तुम्हालाही माहीत असावं, म्हणून लिहिलं.

लुसेआने


ऑकलंड
१२ ऑगस्ट

लुसे,

तू चूक आधी लिहितेस. मीही तसंच लिहिते.

माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही.

माझ्याकडे कागद नाहीत. एकोणीस वर्षं. तीन महिन्यांसाठी आले होते, राहिले. इथून एकदा बाहेर पाऊल टाकलं की हे लोक मला परत आत घेणार नाहीत, आणि इथे मुलगी आहे, तिची तीन लेकरं आहेत, त्यांना सकाळी शाळेत मी सोडते. पेनीला माहीत होतं. त्याच्याशिवाय कुणाला नाही. आता तुला. आईच्या वेळी मी कळवलं होतं की कामावर सुट्टी मिळत नाही. तेव्हाही हेच होतं. माझ्या आईचं थडगं मी पाहिलेलं नाही, लुसे. पेनीने फोटो पाठवला होता. पांढरी वाळू, कडेने काळे गोटे, आणि कोपऱ्यात तू, हडकुळी, टोपली डोक्यावर. तो फोटो इस्त्रीच्या टेबलाच्या वर चिकटवलेला आहे.

गेल्या वर्षी पेनीने कळवलं की रस्त्याच्या खुंट्या आईच्या डोक्यापासून चार पावलांवर आल्या आहेत, ती उचलून दुसरीकडे न्यावी लागेल. त्याच पत्रात गंमत म्हणून लिहिलं होतं, की एक परदेशी डॉक्टर घरामागे खणतोय, त्याला आईच्या वाळूत मडकी सापडली, आणि तो विचारणार आहे ही वाळू इथलीच का. मी खरं सांगून त्याचा हिरमोड कसा करू, असं लिहून हसला होता तो.

मी पोस्टात फोन लावला. माणूस पाठवून त्याला बोलावून घेतलं. तो धावत आला असणार, धाप लागली होती. मी म्हटलं, त्याने विचारलं की होय म्हण.

त्याने आधी श्वास सावरला. मग म्हणाला, "लुसे शेजारी बसून लिहिते."

मी म्हटलं, "मग लिहू दे."

एवढंच बोलणं झालं. मग त्याने माझ्या नातवंडांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

तुझा बाप खोटं बोलला नाही. मी बोलले, त्याच्या तोंडाने. आपल्याकडे मोठ्या बहिणीला भाऊ नाही म्हणत नाही. मला ते माहीत होतं, म्हणूनच फोन केला. विनंती करायची असती तर पत्र लिहिलं असतं.

तुझ्या जूनच्या पत्राला उत्तर लिहायला मी चार वेळा बसले. चारही वेळा गुडघ्याबद्दल लिहिलं आणि फाडलं.

आता नीट ऐक. कागदावर सही करू नका. त्या डॉक्टरला सगळं सांग, आणि अकानेसीने करायला लावलं असं माझं नाव घेऊन सांग. पेनीच्या नावावर काही ठेवू नकोस. मोआलाच्या दारात जा. त्याच्या झाडांची मी देणेकरी आहे असं त्याला सांग. तो थट्टा करील. करू दे.

वाळू काढायची तर काढा. मी परवानगी देते. पण परक्याच्या हाताने नको. तू काढ. मुलीने बापाच्या डोक्याशी बसायचं नसतं, ती जागा माझी. मी येऊ शकत नाही म्हणून ती तुला देते. असं आजवर कुणी केलेलं नाही. मी सांगते म्हणून कर. हे मी शेवटचं सांगून करवून घेते आहे.

आणि केस तिथे बसून स्वतः काप. कात्री माझी समज.

आत्या


फालेतोआ
सोमवार, २ सप्टेंबर

आत्या,

आधी चूक, आणि ही सगळ्यात मोठी. जूनमध्ये मी लिहिलं होतं की तेव्हा मला १९८८ ची वाळू आठवत होती की नाही ते सांगता येत नाही. मला आठवत होती. बाबा होय म्हणाले तेव्हा माझा हात थांबला होता. वहीत 'कायम' या शब्दाआधी पेनाचा एक मोठा ठिपका आहे, शाई पसरलेली. तो मी काल मोजपट्टीने मोजला. तो ठिपका पडला तेव्हा मी बाबांकडे पाहिलं, ते समुद्राकडे बघत होते, आणि मी लिहिलं. मला कुणी फोन केला नव्हता. त्यामुळे तुम्ही सगळं तुमच्या नावावर टाक म्हणालात, ते मला तसं टाकता येणार नाही. तुमचं नाव सांगीन. त्याखाली माझंही.

तुमच्या कागदांबद्दल कुणाला काही सांगणार नाही. आईलाही नाही. पत्रात काय आहे असं तिने विचारलं नाही, फक्त म्हणाली, "गुडघा बरा आहे का तिचा?" मी म्हटलं, बरा आहे. ही चूक मी वहीत लिहिणार नाही.

मोआलाकडे गेले होते. तुमचा निरोप सांगितला. तो बराच वेळ दोर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, अकानेसीला सांग, सात झाडं, वर्षाला दोन बहर, ती नव्वद वर्षांची होईपर्यंत मी नीरफणस मोजून घेईन, तिने लवकर मरायचं नाही. हे जसंच्या तसं कळवायला सांगितलं आहे. नंतर त्याने विचारलं, वाळू काढायला किती माणसं लागतील. मी म्हटलं, मी एकटी. तो म्हणाला, टोपल्या तरी माझ्या घेऊन जा, तुझ्या गळक्या आहेत. चाळीस टोपल्या त्याने आपल्या छपराखाली रचून ठेवल्या आहेत.

बाबांच्या वहीतल्या दोन ओळी मी भरल्या नाहीत. आई म्हणाली भर, तुझं अक्षर त्यांच्यासारखंच आहे. म्हणून तर नाही भरल्या. सहीचा कागद बशीखालून काढला. बशीचा गोल डाग त्यावर पडला आहे. तो सहीशिवायच हेन्लींना परत देईन. दोन डोळे, एक चित्रातला आणि एक खरा, साबणाच्या डबीत कापसावर ठेवले आहेत.

हेन्ली कदाचित रागावतील. त्यांनी या खड्ड्यावर लिहिलेलं सगळं त्यांना मागे घ्यावं लागेल. मग ते नुकुतेआवर जातील, आणि मला वाटतं त्या बेटावरून वाळू न्यायला बंदी होईल. गावातल्या लोकांना पुढच्या थडग्यांसाठी दुसरीकडून करडी वाळू आणावी लागेल, आणि ती कुणामुळे हे सगळ्यांना कळेल. हे आईला मी आधी सांगितलं आहे. ती म्हणाली, "करडी तर करडी. माझ्यावर घालशील तेव्हा चाळून घाल."

वाळू चाळून झाली की अडतीस टोपल्या परत बाबांवर घालीन, आणि छपरामागच्या दोनही. म्हणजे चाळीस होतील. मार्चमध्ये तुम्हाला लिहिलेला आकडा तेव्हा बरोबर होईल.

केस आज धुतले. गुडघ्याच्या खाली येतात, मला माहीत नव्हतं. कात्रीला मोआलाकडून धार लावून आणली आहे. आणताना वाटेत, रस्त्यावर, नीरफणसाच्या एका बुंध्याला नवा कोंब फुटलेला दिसला. थांबून बघितला. अजून काही वाटत नाही, पण मी थांबले, हे लिहून ठेवते.

बोट शनिवारी येते. शनिवारी हेन्ली थकलेले असतील, आणि रविवारी इथे कुणी काम करत नाही. सोमवारी सकाळी, चर्चची घंटा झाली की, त्यांना चहा द्यायच्या आधी सांगेन. मग तुमच्या जागेवर जाऊन बसेन आणि आधी केस कापीन, मग पहिली टोपली भरीन. सोमवार, ९ सप्टेंबर १९९६.

लुसेआने